लवंगेच्या तेलाची बाटली

रुआबांधा वस्तीतल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी माझ्याच वयाचे एक आजोबा आणि त्यांची कॉलेजातली नात बसली होती. आजोबांच्या मुठीत इवलीशी बाटली होती.

“आबा, आता तरी द्या ना. आजीचं तेल लॅबमध्ये टेस्ट करायचं आहे.”

“दुकानातलं लवंगेचं नेलं होतं ना तू?”

“नेलं होतं. दातांचे जंतू प्लेटमध्ये वाढवले, त्यावर टाकलं, तर चारी बाजूनं सफाचट! पर आजीवाला अलग है.”

“अलगच. तीळतेलात लवंगा टाकून उन्हात मुरवे तुही आजी. मी प्लांटातून ड्यूटी करून आलो का दाढेत त्याचा बोळा ठेवे.”

“किती उरलंय?”

“तीन-चार थेंब.”

“बस, तेवढं पुरते.”

“प्लेटीचं मंग काय करता?”

“दोन दिवसांनी फेकून देतो, आबा.”

“हं.”

“दाढ एवढी दुखून राहिली, तुम्ही हे तेल काहून नाही लावलं?”

“संपलं असतं. वर्ष झालं तिले जाऊन. रोज बूच काढतो, त्याचा वास घेतो, बंद करतो.”

“राहू द्या मग, आबा.”

“नाही, घे. तिचं तेल पास होते का पाह्य. बूच तेवढं मले वापस आणून दे.”