कमरेचा तुकडा

मुमताज : एका जेवणाच्या एवढ्या पैशात आख्खा बोकड येतो. विचार तुझ्या अब्बांना. चाळीस वर्षं कापलेत त्यांनी.

जिनत : आख्खा नाही येत, अम्मी.

मकबूल : येतो. बारका असला तर.

जिनत : अब्बा, मी तुमच्यासाठी भांडतेय.

मकबूल : भांड. पण बोकडाबद्दल खोटं बोलू नकोस.

मुमताज : गुरुवारी डॉक्टर ह्यांचे उरलेले नऊ दात काढणार हायेत. कवळीचा खर्च पुढं उभा हाय. आणि आदल्या दिवशी त्या टीव्हीवरच्या शेफाच्या हॉटेलात जाऊन मिरवायचं?

जिनत : आदल्या दिवशीच. गुरुवारनंतर तीन महिने पातळ खिचडी, मग कवळी. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? कवळीनं मटण आधीसारखं चावता येणार नाही. म्हणून बुधवारी, शेवटचं, प्रॉपर. टेबल बुक केलंय मी.

मुमताज : बुधवारी मी पायाचा रस्सा करते. त्याला दातच लागत न्हाईत.

जिनत : म्हणजे दात असताना दात न लागणारं खायचं.

मुमताज : जीभ बघा पोरीची. अहो, तुम्ही बोला की काहीतरी.

मकबूल : मी बघून आलोय.

मुमताज : काय बघून आलात?

मकबूल : ते हॉटेल. कोरेगाव पार्कातलं. सोमवारी गेलो होतो. त्याच्या आधीच्या सोमवारीपण.

मुमताज : मला तर दवाखान्यात चाललोय म्हणालात.

मकबूल : दवाखान्यातपण गेलो. तिथून पीएमटीची बस पकडली.

जिनत : आणि मला बोलला नाहीत? आत गेलात?

मकबूल : बाहेरूनच दिसतं. रस्त्याच्या बाजूला काचेची थंड खोली आहे. त्यात मेंढे टांगलेत. प्रत्येकाला चिठ्ठी, कधी टांगला त्या तारखेची. एकाची तारीख अठ्ठावीस दिवसांपूर्वीची होती.

मुमताज : तौबा. आपल्या गाळ्यात सकाळचं मटण संध्याकाळी कुणी हातात धरत नव्हतं.

मकबूल : म्हणून तर उभा राहिलो. दुसऱ्या सोमवारी आतला कापणारा बाहेर आला. चाचा, काय बघताय? म्हटलं, मीही हेच करायचो. त्यानं आत घेतलं. म्हणाला, थंडीत टांगून ठेवलं की मटण मऊ होतं, चव मुरते. मी नाकाला रुमाल लावायच्या तयारीत होतो.

जिनत : मग? वास आला?

मकबूल : आला. अक्रोडाचा.

मुमताज : काहीतरीच.

मकबूल : वरून काळं पडलेलं, लाकडासारखं टणक. त्यानं सुरीनं ती साल काढली. आत डाळिंबासारखं लाल. मला वाटलं, दुसरंच जनावर निघालं. आणि सत्तूर नाही हं त्याच्याकडं. एक सुरी, आणि हाडापुरती करवत. मी अख्खं जनावर एका तासात संपवायचो. तो नुसत्या कमरेपाशी पाऊण तास होता. जोडात सुरी गेली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मी चाळीस वर्षं आवाजच केला.

मुमताज : तुमच्यासारखं कुणी कापत नव्हतं. सगळा कॅम्प म्हणायचा.

मकबूल : मी भराभर कापायचो. ते वेगळं.

मुमताज : बरं, बघून झालं. आता खायचं कशाला? कमरेचा तुकडा कधी खाल्ला न्हाई का तुम्ही?

मकबूल : नाही.

जिनत : नाही म्हणजे? दुकान आपलं होतं.

मकबूल : दुकान आपलं, नियम तुझ्या दादाजींचा. चांगला तुकडा गिऱ्हाईकाचा. घरी न्यायचं ते गाळा धुताना उरेल ते. खाटकाच्या घरी कंबर शिजली की गिऱ्हाईकाच्या पिशवीत मान जाते, म्हणायचे.

जिनत : मला वाटायचं आपल्याला मानच आवडते.

मुमताज : आवडायचीच. मी करायचे तशी.

मकबूल : आवडायची. त्यात खोटं नाही.

मुमताज : न्हाई, बोला ना. चाळीस वर्षं मी शिजवलं ते उरलंसुरलं होतं, असं म्हणा.

मकबूल : उरलेलंच होतं, मुमताज. मीच आणून देत होतो. सगळी हाडं आणि शिरा. त्याचं तू जे करून वाढायचीस, त्यापुढं मी गप्प बसायचो. आठवतं? तू म्हणायचीस, मीठ कमी पडलं का, बोलत का न्हाई. त्या काचेसमोर मी तसाच गप्प झालो होतो.

जिनत : अम्मी?

मुमताज : हलाल हाय का, ते विचारलंस?

जिनत : पहिल्यांदा तेच विचारलं. सर्टिफिकेटचा फोटो आहे माझ्याकडं.

मुमताज : दाखव. आणि तिथं साडी चालते का बायकांना? का सगळ्या पँटीत?

(बुधवार दुपार. कोरेगाव पार्कातलं ते हॉटेल.)

मुमताज : सुऱ्या बघ किती मांडल्यात. जेवण हाय का ऑपरेशन? ते उद्या हाय म्हणावं.

जिनत : हळू, अम्मी.

मकबूल : आलं.

मुमताज : एवढंच? आणि रस्सा?

जिनत : रस्सा नसतो. अब्बा, कापा ना. गार होईल.

मकबूल : थांब. दोन मिनिटं मटण तसंच राहू द्या म्हणाला तो वाढणारा. मेंढा अठ्ठावीस दिवस थांबला, आपण दोन मिनिटं थांबू.

मुमताज : अहो, वास अक्रोडाचाच की.

मकबूल : मी काय खोटं सांगत होतो? आता हा मटणाचा धागा बघ. उभा चाललाय, म्हणून सुरी आडवी.

जिनत : अब्बा, मी कापू?

मकबूल : झालं कापून. मुमताज, हा मधला घे. हाडाजवळचा.

मुमताज : मला कशाला? दात तुमचे चाललेत. मला कडेचा द्या. मला कडेचाच आवडतो.

मकबूल : चांगला तुकडा घरी न्यायचा नाही, एवढाच नियम होता. हे घर नाही. घे.

जिनत : घास घेतलास ना, कसं आहे, अम्मी? अम्मी, बोल ना काहीतरी. वर्थ इट आहे की नाही?

मुमताज : तुम्ही खा हो आधी. दात हायेत तोवर खा.