‘रिकामा’ नावाचा कप्पा

मेहुणा : ...म्हणून सांगतो भावोजी, एका यंत्रात दोन सिस्टिम सुखाने नांदू शकतात. जुनीने नवीला जागा द्यायची, नवीने जुनीचा मान राखायचा. माणसांना जमलं नाही ते इथे जमतं.

आरेखक : छोटूराव, पडदा काळा आहे.

मेहुणा : विचार करतोय तो.

आरेखक : अर्धा तास?

मेहुणा : आयुष्यभराचा प्रश्न आहे त्याच्या. हां, हे बघा! आली यादी. वर नवी, खाली जुनी. कोण हवी ते बाण खाली-वर करून सांगायचं. काहीच बोलला नाहीत तर थोडा वेळ वाट बघून नवी आपोआप सुरू होते.

आरेखक : म्हणजे आपण गप्प राहिलो की नवा येऊन बसतो. ऑफिसात झालं तसंच.

बायको : झालं का रे छोटू? उद्या सकाळी मुलाखत आहे यांची. नव्या प्रोग्रॅमवर हात बसवायचाय, वर जुनी कामं छापून न्यायचीत. छपाईवाला लवकर दुकान बंद करतो.

मेहुणा : ताई, झालंच म्हण. नव्या सिस्टिमवर सराव, जुनीत यांचे जिन्यांचे नकाशे. दोन्ही एकाच पेटीत.

आरेखक : आधी जुनी लाव. बघू दे जिवंत आहे का.

मेहुणा : ही घ्या. ठणठणीत.

आरेखक : हं. तीच घरघर. उभा जन्म हिच्यासमोर बसून जिने काढले. ऑफिस बंद झालं तेव्हा साहेब म्हणाले, हा संगणक आमच्याकडून भेट. नाहीतर तो उचलायला हमाल लावावा लागला असता.

बायको : आठवणी नंतर काढा. आधी फायली काढा.

आरेखक : काढतोय. छोटूराव, इथे एक कप्पा कमी दिसतोय.

मेहुणा : असणारच. नवीला जागा नको का? पण ‘महत्त्वाचे’ नावाच्या कप्प्याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. तिथलं सगळं जसंच्या तसं आहे.

आरेखक : त्यात पत्त्यांचा डाव आहे. आणि विजेची जुनी बिलं.

मेहुणा : मग जिने कुठे होते?

आरेखक : ‘रिकामा’मध्ये.

(मेहुणा चष्मा काढून पुसतो. चष्मा स्वच्छच असतो.)

मेहुणा : भावोजी, ज्या कप्प्यावर ‘रिकामा’ लिहिलंय...

आरेखक : तुझ्यासाठीच लिहिलं होतं ते! आलास की चहा कपात पडायच्या आत माझा संगणक उघडून काहीतरी सुधारतोस. मागे अक्षरं सुधारलीस, तर दोन दिवस मला वाचता येईनात. म्हटलं, रिकाम्यात कोण डोकावणार?

मेहुणा : आणि खरंच मी डोकावलो नाही. नाव बघितलं आणि सरळ नवी तिथे बसवली. तुमच्या शब्दावर माझा विश्वास.

बायको : त्याने काही विचारलं नाही? संगणकाने?

मेहुणा : विचारलं. इथलं सगळं पुसलं जाईल, नक्की का? मी म्हटलं, रिकाम्यातलं काय पुसणार?

बायको : अहो, दुसरी प्रत असेल ना तुमच्याकडे? तुम्ही कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघता.

आरेखक : आहे ना. म्हणजे, होती.

मेहुणा : कुठे?

आरेखक : ‘रिकामा’च्या आत. ‘अगदीच रिकामा’ म्हणून.

मेहुणा : थांबा, थांबा, शोधायचे प्रोग्रॅम असतात. पुसलेलंही निघतं थोडंफार. हा चालवतो. बघा! नावं सापडली. ‘शाळा, मागचा जिना’. ‘दवाखाना, उतार’.

आरेखक : उघड.

मेहुणा : नावंच आहेत.

आरेखक : छान. पाटीवर नावं कोरायला उपयोगी पडतील.

बायको : कागदावरच्या प्रती होत्या की! गुंडाळ्या होत्या, केवढाल्या.

आरेखक : त्या तूच कपाटाच्या फळ्यांवर अंथरल्यास.

बायको : तुम्हीच म्हणालात, आता सगळं संगणकात आहे, कागदाचं काय लोणचं घालायचंय. थांबा, डबे काढून आणते. हा घ्या, त्यातल्या त्यात बरा.

आरेखक : हा तेलाचा गोल डाग आहे तिथे दुसरा मजला होता.

बायको : पुसून बघू का?

आरेखक : नको. आणि वरच्या पायऱ्या कुठायत?

बायको : कपाट तेवढंच खोल आहे. कापावं लागलं.

मेहुणा : भावोजी, उद्या तोंडी सांगा ना सगळं. एवढा अनुभव तुमचा!

आरेखक : काय सांगू? केस पांढरे झालेत, हात रिकामे आहेत, विश्वास ठेवा? समोर तिशीतली पोरं बसणार. त्यांनी मागितलंय एकच, स्वतः केलेलं काम दाखवा. इमारत आर्किटेक्टच्या नावावर असते, गं. जिना कुणाच्याच नावावर नसतो. त्या फायलींच्या कोपऱ्यात माझी सही होती, तेवढाच पुरावा.

बायको : असं हातपाय गाळून नाही चालायचं. ही नोकरी गेली तर पुढची कोण देणार तुम्हाला? जिने बांधलेत ना खरोखरचे? मग जाऊन फोटो काढू. छोटू, मोबाइल घे.

मेहुणा : ताई, लाख बोललीस! चला भावोजी, जवळपास कुठला आहे?

आरेखक : बरेचसे लांब आहेत. एक आहे इथे. चौकातलं कापडाचं दुकान, तीन मजली. तो मात्र दाखवण्यासारखा आहे. पूर्ण गोल, मध्ये खांब नाही. इंजिनिअर म्हणत होता पडेल. मी म्हटलं, पडला तर मी खाली उभा राहतो. हत्ती चढला तरी हलायचा नाही.

मेहुणा : बस्स! तो एक फोटो पुरे. उजेड आहे तोवर निघू. ताई, तुला माहीत आहे ना दुकान?

बायको : माहीत आहे. परवाच गेले होते पडद्याचं कापड बघायला. तिसऱ्या मजल्यावर.

आरेखक : मग पाहिलास की! कसा वाटला? कठड्याचं वळण पाहिलंस?

बायको : चपला घाला, निघू या.

आरेखक : अगं, कसा वाटला विचारतोय.

बायको : मी लिफ्टने गेले.

आरेखक : येताना?

बायको : जिना बंद असतो, अहो. तिथे ते झाडू-बादल्या ठेवतात.