मधले शब्द

फोनची काच बदलायला आलेल्या नर्सला ड्यूटीची घाई होती, पण तिच्या पुढचे काका लॅपटॉप उघडून दुरुस्तीवालीशी बोलत बसले होते.

“हेडफोनमध्ये खरखर येते, ताई. लेकीचे मधले शब्दच गायब होतात.”

“हेडफोन लावता कशात?”

“या चार भोकांच्या हबमध्ये. घरी प्रिंटर, पंखा, दिवा, सगळं यातच खुपसलेलं असतं.”

“मग बिचाऱ्या आवाजाला वाट कुठून मिळणार? थेट लॅपटॉपला लावा. करा लेकीला फोन.”

“सारखं ‘परत सांग’ म्हटलं की चिडते ती. म्हणून मी आपला हो हो म्हणत राहतो... हॅलो! अगं, काय स्वच्छ ऐकू येतंय! बोल. कोण येणार रविवारी? घर बघायला? आपलं? विकायला मी हो म्हणालो? कधी?”

नर्सने घड्याळात बघायचं सोडून दिलं.

“काका, येतोय ना आवाज नीट?” दुरुस्तीवालीने विचारलं.

“हॅलो? हॅलो? तुटतोय गं आवाज तुझा. ठेवतो.”

“तुटतोय? द्या इकडे, बघते.”

“नको, ताई. परत त्या हबमध्येच लावून द्या.”