समोरासमोरच्या दोन माळ्यांचा भाव

सुज्ञ वाचकहो, पेण शहरातील एका नूतन इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर समोरासमोर असलेल्या दोन माळ्यांचे भाव भिन्न कसे झाले, याविषयीचा संवाद मी आपणांसमोर आदरपूर्वक मांडीत आहे. यात हमरापूरचे मूर्तिकार हरेश, त्यांच्या पत्नी सगुणा आणि सदनिका विकणारे पुंडलिकशेठ, अशी तीनच माणसे बोलतील. मी मध्ये बोलणार नाही.

सगुणा : ...मग समोरचा फ्लॅट घेतलेल्या रोह्याच्या नमिताताईंचा माळा फुकट नि आमच्याच माळ्याला तीन लाख, हे कसं वो शेठ?

पुंडलिक : फुकट नाही वहिनी, इन्क्लुडेड. फ्लॅटच्या किमतीत धरलाय.

सगुणा : आमच्या फ्लॅटची किंमत पण तीच हाय. मग आमचा माळा काय हवेत लटकतोय?

हरेश : हळू बोल गो. हापिसात माणसं हायेत.

सगुणा : ऐकू देत. त्यांना पण घ्यायचाच असंल ना!

पुंडलिक : तुमचा लॉफ्ट जास्त हवेशीर आहे.

सगुणा : मी समोरच्या माळ्यावर चढून आलेय. नमिताताईंनी चहा पण वरच दिला. वारा सारखाच लागतो.

हरेश : शेठ, उंची तीच, शिडी तीच, लादी तीच. उद्या रजिस्ट्रेशन हाय. फरक कसला तेवढं सांगा.

पुंडलिक : फरक गरजेचा, हरेशभाऊ. त्यांना जुन्या गाद्या टाकायच्यात. तुम्हाला लॉफ्टशिवाय चालणार नाही.

सगुणा : नायच चालणार! उधाणाला खाडीचं पाणी कारखान्यात शिरतं. गेल्या साली शाडूच्या मूर्तींची खालची रांग चिखल झाली. पण आमची नड तुम्हाला कुणी सांगितली?

पुंडलिक : तुम्हीच. फ्लॅट बघायला मूर्ती घेऊन आलात.

हरेश : मुकुट वर लागतो का बघायला आणली.

पुंडलिक : टेप लावायची.

हरेश : मूर्ती कवेत घेऊन शिडी चढता येते का, ते टेप सांगत नाय, शेठ.

सगुणा : ह्यांची पण चूक हाय. कोरी मूर्ती घ्या म्हटलं, तर डोळ्यांची आखणी झालेली उचलून आणली. डोळे उघडलेला देव तसाच ठेवून खाली कशी येऊ? निरांजन लावलं. तुम्ही पण हात जोडून उभे होतात शेठ! मला वाटलं, भला माणूस हाय. आणि तुम्ही मनात भाव चढवत होतात.

पुंडलिक : वहिनी, असं बोलू नका. माझ्याही घरी दीड दिवसाचा असतो.

सगुणा : दुसऱ्या दिवशी तीन लाख सांगितलेत. का? तर देव ठेवलेली जागा ही माणसं सोडणार नायत!

हरेश : मी मूर्ती न्यायला आलो, तर तुम्हीच म्हणालात, राहू द्या, शुभ असतं.

सगुणा : शुभ कुणाला? पनवेलची गिऱ्हाइकं आली की आमच्या माळ्यावर नेता. म्हणता, ‘बघा, बाप्पा आधीच राहायला आलेत.’ नमिताताईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आमच्याच देवावर बाकीचे फ्लॅट खपवता, नि आमच्याकडूनच जास्ती घेता?

पुंडलिक : गिऱ्हाइकाला बरं वाटतं वहिनी, एवढंच.

सगुणा : उठा वो. वर जाऊन मूर्ती उतरवू. आम्हाला नको हा माळा.

हरेश : अगो, मग पावसात रांग ठेवायची कुठं?

सगुणा : डोक्यावर घेऊन उभी राहीन. उठा.

पुंडलिक : थांबा, थांबा! दुपारी पार्टी येतेय. बरं, सोडले तीन लाख. देवासाठी सोडले. बस्स?

सगुणा : देवासाठी नको.

पुंडलिक : आता काय राहिलं?

सगुणा : देवासाठी सोडलेत तर जन्मभर सांगाल, मी ह्यांच्यावर उपकार केले. समोरचा भाव तोच आमचा भाव, असं म्हणा. सगळ्यांसमोर.

पुंडलिक : ...समोरचा भाव तोच तुमचा भाव. झालं?

सगुणा : झालं. चला वो, शिडी धरा.

हरेश : आता कशाला गो? माळा आपलाच झाला.

पुंडलिक : हो ना! संध्याकाळपर्यंत तरी राहू द्या, वहिनी.

सगुणा : उद्या कागद झाले की आमच्या मूर्ती आम्ही आणू. आज हा खाली येईल. देवाला इथं कामाला ठेवायचा नाय.

हा संवाद शांतपणे वाचल्याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
महिपती पोशा ठाकूर, मुक्काम खांब, तालुका रोहा