शेकताईंची रबरी पिशवी

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान अधिष्ठाता साहेब, ताईंचे यजमान, समोर बसलेले माझे सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या सगळ्यांच्या शेकताई,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. निरोपाच्या भाषणात ‘पुढचं आयुष्य सुखासमाधानाचं जावो’ असं म्हणायची रीत आहे. माझ्या तोंडून ते निघत नाही. ताई काही वय झालं म्हणून निवृत्त होत नाहीयेत. हात गेले म्हणून जातायत. समारंभाला हे शोभत नाही, पण दुसरं काय सांगू?

आमच्या खोलीत नसांची तपासणी होते, हे आपण जाणता. मनगटाशी नसेला विजेचा हलका झटका द्यायचा आणि अंगठ्याच्या स्नायूतून उठणारी लाट पडद्यावर बघायची. लाट उशिरा आली, तर बहुधा नसेवरचं वेष्टण बिघडलंय. लाटच लहान झाली, तर आतली तार जातेय. एक आजार असा आहे, की साधे जुलाब होऊन जातात, माणूस विसरूनही जातो, आणि मग शरीराची स्वतःची फौज स्वतःच्याच नसांवर उठते. कुंपणानंच शेत खायचं, तसं.

शेक दिल्याशिवाय ताईंनी कधी कुणाला तपासलं नाही. गार हातापायात नस मंद चालते आणि धडधाकट माणूस आजारी दिसतो. म्हणून ती गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि म्हणूनच हे नाव. अधिष्ठाता साहेब, तुमचेही मोजे ताईंनी उतरवले होते, आठवतंय? तुम्ही म्हणालात, घाईत आहे. ताई म्हणाल्या, “घाई तुम्हाला असेल साहेब, तुमच्या नसेला नाही.” हसा, हसा. त्याही हसतायत.

गेल्या वर्षी ताईंना जुलाब झाले. बरंही वाटलं. मग एका सकाळी भरलेली पिशवी त्यांच्या हातातून निसटली. पहिली तपासणी चांगली आली. सुरुवातीला या आजारात ती फसवी चांगली येऊ शकते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आम्ही पेढे मिळाल्यासारखे खूश झालो. औषधासाठी मात्र थांबलो नाही, लगेच सुरू केलं. कुणी कुठं चुकलं नाही हो. चुकलं असतं, तर निदान चिडायला तरी कुणी सापडलं असतं.

पुढच्या तपासणीला पडद्यावर लाट म्हणावी असं काही उरलं नव्हतं. ताई म्हणाल्या, “डॉक्टर, हात गार आहेत माझे. शेक द्या, पुन्हा लावा.”

आता, गारठ्यानं लाट उशिरा येते. लहान होत नाही. मला हे माहीत, ताईंनाही माहीत. मी निमूटपणे पिशवी भरून आणली. यजमानांनी ती त्यांच्या हातांवर धरून ठेवली. लाट तेवढीच. “अजून गार आहेत,” ताई म्हणाल्या. पुन्हा शेक दिला. त्यानंतर दर खेपेला हेच. या आजारातून कितीतरी लोक आपल्या पायांनी घरी गेलेले मी पाहिलेत. ताईंचे पायही परतले. हात नाही परतले.

आज सकाळी, इथं येण्याआधी, आम्ही शेवटची तपासणी केली. पडदा सपाट. मी वाट बघत राहिलो. ताईंनी शेक मागितला नाही. शेवटी मीच म्हणालो, “ताई, हात गार लागतायत. शेक देऊ?”

“नको, डॉक्टर,” ताई म्हणाल्या. “गरम आहेत.”

मी पिशवी खुंटीला अडकवली आणि इकडे आलो.

आयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. आणि अध्यक्ष महोदया, एक विनंती. तो पुष्पगुच्छ ताईंच्या हातात देऊ नका. यजमानांकडे द्या.