वरच्या खोलीचा कर

हॅलो?

कोण?… अगं चिंगे, तू होय! आवाज असा का येतोय, हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा?… जिन्यात उभी आहेस? का गं, एवढ्या मोठ्या पक्षाच्या ऑफिसात आईशी बसून बोलायला एक खुर्ची नाही?

हो… हो, बरी आहे मी… बरी आहे म्हटलं ना. कुणी पाठवला फोटो?… शिंपीणबाईंनी? त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही कधी.

हो, लिहिलंय. दारावर. लाल रंगात. 'भाडेखाऊ.' चांगलं मोठं लिहिलंय, चष्मा न लावता वाचता येतं.

रडतेस काय? दार माझं, रंग माझ्या दाराला, आणि रडतेस तू? गप.

अगं ऐक ना… ऐक तरी! मला माहीत आहे तो शब्द तुझा आहे. साहेबांची भाषणं तू लिहितेस, गल्लीतल्या पोराटोरांना माहीत आहे. तो टीव्हीवर म्हणाला ना, 'हे भाडेखाऊ दुसऱ्याच्या घामावर ढेकर देतात', तेव्हाच मी ओळखलं. ढेकर तुझाच. लहानपणापासून तुझ्या निबंधात कुणी ना कुणी ढेकर द्यायचंच.

नाही, चिडले नाही… बरं, चिडले. चिडले होते. मग काय ओवाळू तुला? जिन्याखाली एक खोली, जिन्यावर एक. खालच्या खोलीत मी, वरच्या खोलीत भाडेकरू, आपले ड्रायव्हरसाहेब. झाली माझी इस्टेट. आणि तिकडे त्या काचेच्या इमारतवाल्याच्या दारावर गेलं का कुणी रंग घेऊन? नाही जाणार. त्याच्या दारात वॉचमन असतो. त्याच्या इमारतीतलं घर त्याच्या नावावर नसतं, कंपनीच्या नावावर असतं, म्हणून तुमचा हा भाड्यावरचा नवा कर त्याला लागत नाही. म्हणजे कर कुणाला? तर जिला कंपनी काढता येत नाही तिला. छान कायदा केलात. डोकी आहेत की मडकी?

'तू त्यातली नाहीस' म्हणे! मग मी कुठली गं? भाडं घेते ना मी? घेते. मग मी त्यातलीच. शब्द फेकताना बघायचं असतं, तो कुठे कुठे जाऊन पडणार ते.

नाही नाही, मालक लोक माजलेत हे खरंच आहे. मी काय आंधळी आहे? तुझ्या बाबांचं नि माझं सामान काढलं होतं रस्त्यावर, त्या जुन्या मालकिणीनं. तू पोटात होतीस. गादी भिजत होती नि ती बाई खिडकीतून बघत होती, हातात चहाचा कप. तिच्या दारावर तुम्ही रंग लावला असता तर मीच डबा धरला असता. पण मी तिच्यासारखी आहे का?… आहे का सांग!

हं. मग झालं.

अगं दार ड्रायव्हरसाहेब घासतायत. सकाळपासून. थिनर आणलंय कुठूनतरी. 'भाडे' गेलंय, 'खाऊ' राहिलंय. मघाशी हसत होते, म्हणे आता पोरं खाऊ मागायला येतील.

हसलीस? हस. बरं वाटलं ऐकून.

आता एक ऐक. तुझा फोन आला नसता तर मीच करणार होते. बसलीयेस का?… जिन्यातच बस. पायरीवर बस. पदर… ओढणी सांभाळून बस, जिना कधी झाडलाय कुणी देव जाणे.

ती सर्वेवाली मुलगी आली होती. हो, तुमच्या सरकारचीच. घरोघर विचारत फिरते ना, कोण राहतं, कोण भाडं देतं. छातीला बिल्ला, आणि बिल्ल्यावर तुझाच शब्द. दारात उभी राहून म्हणते कशी, 'आजी, वरची खोली भाड्यानं दिलीय ना?' पाण्याचा ग्लास पुढे केला तर घेतला नाही. भाडेखाऊच्या घरचं पाणी कसं पिणार! मला काय वाटलं सांगू… नको, जाऊ दे.

सांगू? भीती वाटली. तुझ्या बाबांच्या जाण्यानंतर एवढी भीती वाटली नव्हती. कर भरायचा म्हणजे भाडं वाढवायचं, नाहीतर खोली विकायची. एजंट तर गल्लीत घिरट्या घालतोच आहे गिधाडासारखा. विकली की सगळ्यात आधी कोण बाहेर पडणार? ड्रायव्हरसाहेब. कायदा केला कुणासाठी, तर भाडेकरूंसाठी! वा रे वा.

तर ती विचारते, 'वर कोण राहतं?' आणि तेवढ्यात हे जिन्यावरून उतरतायत. बनियनवर, हातात धुण्याची बादली. ती म्हणते, 'हे कोण तुमचे?'

मी म्हटलं, 'नवरा.'

हॅलो?… चिंगे?… आहेस ना?

हो, नवराच म्हटलं. तोंडातून निघून गेलं. घरचं माणूस राहत असेल तर कर नाही, एवढं मला माहीत होतं. भाऊ म्हणता आलं असतं, दीर म्हणता आलं असतं. आलं नवरा! मी काय करू? तिनं हातातल्या मोबाइलवर दाबलं ते बटण नि गेली पुढच्या घरी.

अगं किंचाळू नकोस, ऑफिसातली माणसं बघतील. ऐक पुढे.

ते? ते तसेच उभे. बादलीतलं पाणी पायावर सांडतंय नि हे उभे. वर गेले. ड्यूटीवर गेले. परत आले. तुला माहीत आहे ना, पहाटेच्या पाळीला निघताना बूट हातात घेऊन उतरतात, मला जाग येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी बूट घालून उतरले. खाडखाड. मी म्हटलं संपलं, रागावले.

दार उघडलं तर समोर उभे. इस्त्रीचा गणवेश, टोपी काखेत. म्हणाले, 'वहिनी, आपण सरकारला खोटं सांगितलंय. मला रात्रभर झोप नाही. एकतर ते जाऊन खोडू या, नाहीतर ते खरं करू या.'

हो.

हो गं, तेच म्हणाले. 'नाहीतर ते खरं करू या.' आणि गेले बस काढायला.

वहिनी म्हणाले! लग्नाचं विचारतात नि वहिनी म्हणतात! मी दाराआड जाऊन हसले नि मग… मग बसलेच जरा स्टुलावर.

नाही, अजून काही उत्तर नाही दिलं. म्हणून तर तुला फोन करणार होते. त्यांना डेपोच्या क्वार्टरमध्ये खोली मिळतेय. आज संध्याकाळपर्यंत डेपोला हो-नाही कळवायचंय त्यांना. मी नाही म्हटलं तर ते तिकडे जाणार, आणि जाण्याआधी सर्वेच्या ऑफिसात जाऊन सांगणार की चूक झाली, त्या बाईंचा दोष नाही, मीच तसं सांगायला लावलं. बघ कसा माणूस आहे. खोटं मी बोलले, अंगावर हे घेणार.

हं… हं… बोल, बोल. मनात असेल ते बोल.

बाबांचं काय म्हणजे?… बाबा फोटोत आहेत, तिथेच राहतील. त्यांची जागा कोण मागतंय? आणि तुझ्या बाबांना छातीत कळ आली तेव्हा आठवतंय ना? गाडी मिळेना, बाहेर सगळं बंद. डेपोतून अख्खी रिकामी बस काढून आणली होती या माणसानं. त्या बोळात! दोन्ही बाजूंनी खिडक्यांच्या झडपा घासल्या. तू मागच्या सीटवर बाबांचे पाय मांडीवर घेऊन बसली होतीस. मेमो मिळाला, बढती गेली. कधी बोलले त्यावर? मलाच दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून कळलं.

तुझे बाबा म्हणाले होते बसमध्ये, 'तिकीट काढलं का?' हो ना… शेवटचा विनोद त्यांचा.

रडू नको गं सोने. मलाही येतंय मग.

तू ड्रायव्हरकाकाच म्हण. कोण तुला बाबा म्हणायला सांगतंय? ते स्वतःच घाबरतील.

लोक?… लोक काय म्हणायचं ते म्हणतायतच. लाल रंगात म्हणतायत. आणखी काय म्हणणार? या वयात म्हातारीला… म्हणू देत. कुकरच्या शिट्ट्या मोजायला घरात दुसरं माणूस नसतं तेव्हा कळतं वय म्हणजे काय.

काय?

परत सांग. गाडी गेली आत्ता, ऐकू नाही आलं.

रद्द?… कुणाला रद्द?… एका खोलीवाल्यांना? ज्यांची एकच खोली भाड्यानं… त्यांना कर नाही?… कधी ठरलं?

आज सकाळी. संध्याकाळच्या सभेत साहेब सांगणार. बरं. बरं…

तू भांडलीस? साहेबांशी?… बैठकीत? सगळ्यांसमोर?

काय म्हणालीस?… 'मी भाडेखाऊची मुलगी आहे' म्हणालीस?

अगं…

थांब. थांब जरा. पाणी पिते.

…हं. आले. वेडी आहेस तू. नोकरी गेली असती तर? साहेबापुढे नुसतं उभं राहून बोलायला धीर लागतो, तू तर टेबलावर हात आपटलास. तुझ्या बाजूनं आणखी कुणी बोललं का?… खेड्यांकडचे बरेच कार्यकर्तेही? मग बरं. एकटी पडली नाहीस. आणि तो शब्द?… भाषणातून काढलास? सगळ्या भाषणांतून? चिंगे, हे कर रद्द होण्यापेक्षा मोठं केलंस.

हो ना. म्हणजे आता कर नाही. खोली विकायला नको. भाडं वाढवायला नको.

हं.

हो, कळतंय मला काय म्हणतेस ते. म्हणजे आता… आता लग्नाची काही गरज नाही. बरोबर. सर्वेच्या ऑफिसात जाऊन चूक झाली सांगायचं, काही बिघडणार नाही. ते वर, मी खाली. होतं तसं.

चांगलंच झालं की.

नाही, आवाज नाही पडला. खुश आहे मी. का नसणार?… अगं खुश आहे म्हटलं ना, किती वेळा सांगू!

…

चिंगे, खरं सांगू? ओरडू नको. मला वाईट वाटलं. तू रद्द म्हणालीस ना, तेव्हा आधी वाटलं, आता हे क्वार्टरला जाणार. मग आनंद झाला. आधी ते. आता याला काय म्हणायचं तूच सांग, भाषणं लिहितेस एवढी.

न सांगता?… नाही. नाही नाही, असली अक्कल मला शिकवू नकोस. त्यांना न सांगता हो म्हणायचं, नि ते बिचारे समजणार आपण बाईचं घर वाचवलं? फसवून संसार नाही मांडायचा मला. एकदा खोटं बोलले तेवढं पुरे झालं. सांगणार मी. आत्ताच सांगणार. उगाच माझ्यावर उपकार म्हणून अडकायला नकोत ते. त्यांना क्वार्टर मिळतेय, चांगली आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे म्हणे.

तू फोनवर थांब. थांबशील ना?… कट करू नको.

अहो!… अहो, जरा आत येता का? राहू दे ते दार. हात पुसा आधी, खुर्चीला लागेल.

चिंगीचा फोन आहे… ठीक आहे ती. ऐका ना. तो कर आपल्याला माफ झाला. एका खोलीवाल्या सगळ्यांना. पक्कं आहे, आज सभेत सांगणार आहेत. म्हणजे आता तुम्हाला… म्हणजे आपल्याला तसं काही करायची गरज राहिली नाही. तुम्ही मोकळे आहात. वर राहा, नाहीतर क्वार्टर घ्या. मी काही मनात धरणार नाही.

…

जमिनीकडे बघतायत. टोपी शोधतायत बहुतेक, डोक्यावर नाहीच आहे ती.

थांब, बोलतायत.

काय म्हणालात?… मोठ्यानं बोला, तिलाही…

…

हॅलो. चिंगे.

म्हणाले… थांब, मला नीट सांगू दे. म्हणाले, 'कर गेला ते फार बरं झालं. आता कुणी म्हणणार नाही, करासाठी केलं.'

हो. एवढंच. एवढंच म्हणाले नि उभे आहेत.

रडतेस की हसतेस? मला इथून कळत नाही… मी? मी काही रडत नाहीये, थिनरचा वास आहे घरभर.

येतेस?… रविवारी? ये. पण साहेबाला नको आणू, चहा वाया जाईल. आणि ऐक, संध्याकाळी सभेला पुढे उभी राहा, मागे लपू नको. टीव्हीत दिसलीस तर दोघं मिळून बघू.

हो… हो गं. हो… ठेव आता. अगं ठेव ना फोन! माणूस कधीचा उभा आहे समोर, नि मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.