रामाजीभाऊंची पक्की मतं

तुमाले रामाजीभाऊंच्या निवडणुकीचं सांगितलं का कधी? इथं हिंदी मुलखात पोलादाचा कारखाना बांधून राहिले होते तेव्हाची गोष्ट. कारखान्याजवळच्या कोहका गावात आमच्या झोपड्या, सगळे भंडाऱ्याकडून कामाले आलेले, अन् विहीर एकही नाही. म्हणून रामाजीभाऊ ग्रामपंचायतीले उभे राहिले अन् प्रचार माझ्या गळ्यात पडला.

रोज शिफ्ट सुटली का मी गेटवर उभा. सायकलवरून जाणारा प्रत्येक जण हात वर करून सांगे, "मत पक्कं हाये, भाऊ!"

मतदानाच्या दिवशी दुपार झाली तरी आमच्यातलं कोणी फिरकलं नाही. मी झोपड्यांत गेलो. पहिल्याच दारात गणपत आरामात दाढी करून राहिला होता.

"कावून रे, मत टाकाले नाही आला?"

"माहं नाव तर गावच्या यादीत हाये."

"अन् इथं कावून नाही लावलं?"

"इथं का जन्मभर राहाचं हाये? काम संपलं का चाललो गावाले."

पुढच्या दारात हेच, त्याच्या पुढच्या दारातही हेच.

रामाजीभाऊ पडले. झोपड्यांतलं एकच मत त्यायले मिळालं, ते त्यायचं स्वतःचं. संध्याकाळी मले म्हणाले, "एवढा फिरला, एकाले तरी विचारलं का, नाव कुठल्या यादीत हाये म्हणून?"

"नाही विचारलं."

"अन् तुहं?"

मी प्रचाराचे उरलेले कागद गोळा कराले लागलो.

आता इथंच रिसालीत मी घर बांधलं, नातवंडं हिंदीत भांडतात. माहं नाव अजून गावच्याच यादीत हाये.